शहराकडे पाठ केलेला कॅमेरा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर महालाच्या भिंती पाहताना नजर आधी रंगावर जाते. राजा मानसिंह तोमराच्या कारागिरांनी पाचशे वर्षांपूर्वी वालुकाश्मात निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकत्या फरशा बसवल्या: हत्ती, केळीची झाडं, रांगेत चाललेली पिवळी बदकं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कॅमेरा किल्ला चढून आला, तेव्हा त्याला हे रंग उलटे दिसले. त्या काळी ओल्या कोलोडिअनच्या काचा वापरत. निळ्या प्रकाशाने ती काच चटकन भारली जाई, पिवळ्या-तांबड्याची तिला फारशी जाणीव नसे. त्यामुळे गर्द निळाई कागदावर फिकट उतरे, उजळ पिवळा काळवंडे आणि ढगांनी भरलेलं आभाळसुद्धा कोरं पांढरं येई.

त्याच काचेची दुसरी खोड अधिक दूरगामी ठरली. तिला वेळ लागे. उन्हात काही सेकंद, सावलीत त्याहून बराच अधिक. भिंत, बुरूज, कोरीव खांब एवढा वेळ निवांत उभे राहतात. रस्त्यावरून जाणारा भिस्ती, बैलगाडी, डोक्यावर पाटी घेतलेली बाई थांबत नाही. ती काचेवर धुराच्या रेघेसारखी उमटते किंवा उमटतच नाही. ज्या यंत्राने या शहराचं पहिलं चित्र टिपलं त्याला स्थिर तेवढंच दिसत होतं, आणि शहर तर त्याच काळात हलू लागलं होतं. ग्वाल्हेरच्या जुन्या फोटोंकडे पाहताना ही गोष्ट मनात धरून पाहावं लागतं.

हे शहर म्हणजे एका खडकाभोवतीच्या तीन वस्त्या. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, ज्याच्या कुशीत महंमद घौस आणि तानसेन यांच्या कबरी आहेत. दक्षिणेला लष्कर: दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी टाकली, तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार भरले, आणि छावणीचं नाव शहराला कायमचं चिकटलं. पूर्वेला मुरार, इंग्रजी फौजेची छावणी. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई याच परिसरात लढता लढता पडली. त्यानंतर किल्ला इंग्रजांनी स्वतःच्या ताब्यात ठेवला आणि १८८६ पर्यंत सोडला नाही. म्हणजे जवळजवळ तीन दशकं ग्वाल्हेरच्या महाराजांना आपल्या राजवाड्यातून रोज किल्ला दिसत होता आणि त्यावर झेंडा दुसऱ्याचा होता. किल्ल्याचे सुरुवातीचे फोटो याच तीन दशकांतले आहेत. ते कुणाच्या परवानगीने आणि कुणासाठी काढले गेले, याचं उत्तर त्या झेंड्यात आहे.

छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८७० मध्ये परतला. त्या सात वर्षांत त्याने हिमालयापासून दक्षिणेपर्यंत जे टिपलं, त्यात ग्वाल्हेरचा किल्लाही आहे. त्याच्या कामाची पद्धत समजून घेतली तर त्या फोटोंमागचे कष्ट दिसतात. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडिअन ओतून सगळीकडे सारखं पसरवायचं, अंधाऱ्या तंबूत चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ती वाळण्याआधी पुन्हा तंबूत जाऊन धुऊन काढायची. हे सगळं काही मिनिटांत. चंबळच्या बाजूच्या कोरड्या उन्हाळ्यात कोलोडिअन किती लवकर वाळत असेल आणि धुळीचा एक कण किती नुकसान करत असेल, हे ग्वाल्हेरचा मे महिना सोसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाणी लागे भरपूर, आणि ते खडकावर कुणीतरी वाहून आणावं लागे. काचा, बाटल्या, तंबू, तिवई वाहणारे हमाल प्रत्येक फोटोच्या मागे उभे आहेत. फोटोत ते नाहीत.

बोर्नच्या कंपनीचे फोटो क्रमांक घालून, यादी छापून विकले जात. विकत घेणारे बहुतेक इंग्रज होते: अधिकारी, प्रवासी, घरी अल्बम पाठवणारी कुटुंबं. त्यांना उजाड माळावर एकटा उठलेला खडक हवा होता, भग्न दरवाजे हवे होते, झाडाच्या फांदीआडून दिसणारा महाल हवा होता. त्या चौकटीत लष्करचा सराफा बसत नव्हता. दौलतगंजची गर्दी बसत नव्हती. बोर्नने ते टाळलं म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं पोट त्या यादीवर होतं. पण मागणीने ठरवलेली ती चौकट पुढे पन्नास वर्षं ग्वाल्हेरच्या मानगुटीवर बसली. आजही या शहराचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे तोच कोन येतो, तोच खडक.

किल्ल्याच्या फोटोंनी एक काम मात्र चोख केलं. इंग्रजी पलटणीच्या काळात किल्ल्यावर काय चाललं होतं, त्याचे ते साक्षीदार झाले. पलटणीसाठी बराकी उठल्या. तेली का मंदिर हे किल्ल्यावरचं सर्वांत उंच देऊळ, सुमारे शंभर फुटांचं. तिथे सैनिकांसाठी कॉफीचं दुकान आणि सोडावॉटरचा कारखाना चालत असे. अकरा-बाराशे वर्षांच्या देवळात बाटल्या भरल्या जात होत्या. मेजर जे. बी. कीथ यांनी १८८१ ते १८८३ या काळात दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं तेव्हा ही विटंबना थांबली. कीथ यांचं आणखी एक काम ग्वाल्हेरच्या दृष्टीने फार मोलाचं. त्यांनी स्थानिक पाथरवटांना एकत्र करून दगडी कोरीवकामाचं एक भव्य प्रवेशद्वार घडवून घेतलं. ते आधी कलकत्त्याच्या प्रदर्शनात उभं राहिलं, मग १८८६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात गेलं, आणि आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. ग्वाल्हेरच्या पाथरवटांचं हे काम लंडनने पाहिलं. पण अशा दगडी कामांचे जुने फोटो सगळीकडे छापले जातात ते दाता आणि देखरेख करणारा यांच्या नावासह. छिन्नी चालवणाऱ्यांच्या नावांना तिथे जागा ठेवलेली नसते.

याच सुमाराला ग्वाल्हेरकडे एक वेगळा डोळा वळला, आणि तो इथल्याच मातीतला होता. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात ते इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे-अंदाजपत्रकांच्या कामावर लागले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला १८७४ मध्ये, तिशीत. इंदूरला इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं, पुढे सर लेपल ग्रिफिन यांनी. १८८२ मध्ये ग्रिफिन मध्य भारताच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा दीनदयाळ बरोबर होते, आणि त्या कामातून १८८६ मध्ये मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं ग्रिफिन यांचं मोठं पुस्तक निघालं. ग्वाल्हेर त्यात ठळकपणे आहे.

दीनदयाळांच्या फोटोंपाशी थोडं थांबायला हवं, कारण त्यांत बोर्नहून निराळं काहीतरी आहे. नकाशे काढणाऱ्या माणसाची नजर त्यांत दिसते. खांब सरळ उभे, कमानीचा मध्य नेमका मध्यावर, पायरीची प्रत्येक कड स्वच्छ. फांदीची महिरप नाही, धुक्याचा आधार नाही. इमारत कशी उभी आहे, तिचं वजन कुठून कुठे उतरतं, हे त्यांना दाखवायचं असतं. आणि मोजमाप कळावं म्हणून ते कधी एखादा माणूस बसवतात: खांबाच्या पायाशी, दरवाजाच्या उंबऱ्यावर. तो पुतळ्यासारखा निश्चल बसलेला असतो, कारण त्याला तसं बसायला सांगितलेलं आहे. इमारत त्याच्या किती पट उंच, ते आपण त्याच्यावरून काढतो. तो कोण, किल्ल्यावरचा पहारेकरी, साहेबाच्या लवाजम्यातला चपराशी की वाटेवरून बोलावलेला कुणी गवळी, हे मथळ्यात येत नाही. मध्य भारतातल्या साध्या माणसांपैकी कॅमेऱ्यापुढे जे पहिल्यांदा बसले, त्यांतले कितीतरी फूटपट्टी म्हणून बसले.

दीनदयाळांनी जयविलास राजवाड्याचेही फोटो घेतले. हा राजवाडा १८७४ चा, सर मायकेल फिलोज यांच्या आराखड्याचा, पांढराशुभ्र, युरोपी धाटणीचा. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची स्वारी आली तेव्हा तो तयार होता. दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन सांगतात. पर्यटकांना एवढंच सांगून पुढे नेतात, पण महाराज जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीतली मोठी उलथापालथ राजवाड्याबाहेर होती. त्यांनी १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी ७५ लाख रुपयांचं कर्ज दिलं, आणि १८८१ मध्ये आगगाडी चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला पोचली. घोड्याच्या आणि उंटाच्या हिशेबाने चालणारं शहर वेळापत्रकाला बांधलं गेलं. धान्य, दगड, माणसं, पत्रं सगळ्यांचा वेग बदलला.

आणि याच दशकात कॅमेऱ्याचाही वेग बदलला. कोरड्या काचा आल्या. त्या कारखान्यातून तयार मिळत, हव्या तेव्हा वापरता येत, आणि त्यांना सेकंदाचा अंशही पुरे होई. अंधारा तंबू गेला, पाण्याच्या पखाली गेल्या. आता चालता माणूस पकडता येत होता, धावता घोडा पकडता येत होता. आगगाडी आणि तिला टिपू शकणारी काच, दोन्ही साधारण एकाच वेळी ग्वाल्हेरच्या आवाक्यात आल्या. यापुढे शहराचं हलणं दिसलं नाही, तर दोष रसायनावर ढकलता येणार नाही. यापुढे प्रश्न आवडीनिवडीचा आणि मालकीचा होता.

दुसरीकडे काय घडत होतं ते पाहिलं की हे स्पष्ट होतं. स्कॉटलंडमधलं ग्लासगो हे जहाजांचं आणि गिरण्यांचं शहर. तिथल्या सुधारणा मंडळाने जुन्या, दाट, रोगट वस्त्या पाडायचं ठरवलं आणि पाडण्याआधी त्यांची नोंद ठेवण्याचं काम टॉमस ॲनन या छायाचित्रकाराकडे दिलं. १८६८ ते १८७१ दरम्यान त्याने त्या अरुंद बोळांचे फोटो घेतले, तेही ओल्या काचेवर, जवळजवळ प्रकाश नसलेल्या जागी. लोक हलल्यामुळे कुठे चेहरे पुसले गेले आहेत, पण दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत, दारात उभी मुलं आहेत, गटाराचं पाणी आहे. औद्योगिक शहराच्या बदलाचा हा जगातल्या पहिल्या काही दस्तऐवजांपैकी एक मानला जातो. तो शक्य झाला, कारण कुणीतरी तसे फोटो मागितले.

घरच्या जवळचं उदाहरण बोरघाटाचं. खंडाळ्याच्या घाटातून लोहमार्ग चढवण्याचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याने घेतलं, आणि १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते काम सोडलं नाही. अनुभवी इंजिनिअर नेमून ते पुढे चालवलं, आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. या बाईंच्या नावावर घाटाच्या बांधकामाचे फोटो आहेत. त्यांत कातळ फोडलेला दिसतो, पूल उभारताना लावलेली लाकडं दिसतात, आणि डोंगराच्या उतारावर माणसं दिसतात. घाटात हजारो मजूर राबले, त्यांतले हजारो रोगराईत आणि अपघातांत गेले. फोटोंतली ती बारीक माणसं त्यांच्यातलीच. काच तीच होती, उन्हाळा तोच होता. फोटो घेणाऱ्याला कामाशी कर्तव्य होतं, म्हणून काम करणारे चौकटीत आले.

ग्वाल्हेरात मागणारे, अल्बम घेणारे इंग्रज सोडले तर, दोनच होते, पुराणवस्तूंचे अभ्यासक आणि दरबार.

दरबाराने आधुनिक गोष्टींकडे पाठ फिरवली होती, असं मुळीच नाही. जयाजीरावांनंतरचे महाराज माधवराव शिंदे यांना यंत्रांचं विलक्षण वेड होतं, आणि ते वेड प्रजेच्या उपयोगी पडलं. राजवाड्याच्या आवारात दोन फुटी रुळांवर हौसेने सुरू झालेली गाडी १८९९ मध्ये लोकांसाठी धावू लागली: एक फाटा भिंडकडे, एक शिवपुरीकडे. नंतर तिसरा सबलगडमार्गे १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत गेला, जवळपास दोनशे किलोमीटर. खुद्द महाराज इंजिन चालवत. १९०५ मध्ये त्यांनी मेळा सुरू केला, जो आजही ग्वाल्हेरचा व्यापार मेळा म्हणून भरतो. १९१६ मध्ये तिघरा धरण झालं. दुसऱ्याच पावसाळ्यात ते फुटलं आणि पुन्हा बांधावं लागलं. जयाजी चौकाभोवती, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या महाराजबाड्यावर, टाऊन हॉल, टपाल कचेरी, छापखाना, बाजार अशा निरनिराळ्या शैलींतल्या इमारती आल्या. चौकात उभं राहून गोल फिरलं तर एका माणसाच्या हयातीत एका संस्थानाने काय काय करून पाहिलं, ते नजरेत भरतं.

पण या काळातले जे फोटो सर्वांत अधिक छापले गेले, ते व्हाइसरॉयच्या शिकारीचे आहेत, हत्तींच्या मिरवणुकीचे आहेत, राजवाड्याच्या जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढे काचेच्या सुरया फिरवणाऱ्या चांदीच्या छोट्या आगगाडीचे आहेत. ती गाडी सुंदर आहे आणि ती पाहायला आजही रांग लागते. मात्र ग्वाल्हेरच्या रेल्वेचं चित्र म्हणून ती जगभर फिरली आणि श्योपूरच्या गाडीच्या टपावर बसलेला शेतकरी मागे राहिला, ही अदलाबदल खटकते. संस्थानांच्या अल्बमांचा हा सगळीकडचाच नियम होता. पाहुण्याला भेट द्यायच्या अल्बमात इस्पितळाची इमारत असे, कॉलेजची इमारत असे, तुरुंगाचीसुद्धा असे. दर्शनी भाग, मोकळं अंगण, कोरं आभाळ. आतली माणसं बाहेर रांगेत उभी करून घेतली, तरच दिसत.

या चित्रात एक मराठी नाव येतं, ज्याच्याबद्दल आदराने बोलायला हवं. मो. ब. गर्दे. ग्वाल्हेर संस्थानाने स्वतःचं पुरातत्त्व खातं उघडलं आणि ते गर्द्यांनी दीर्घकाळ सांभाळलं. पवाया म्हणजे प्राचीन पद्मावती, तिथलं उत्खनन त्यांनी केलं. बाघच्या लेण्यांवरच्या १९२७ च्या ग्रंथात त्यांचा वाटा आहे. किल्ल्याखालच्या गुजरी महालात १९२२ मध्ये जे संग्रहालय खुलं झालं ते त्यांच्या खात्याचं. खात्याचे वार्षिक अहवाल चाळले तर लक्षात येतं की कॅमेरा त्यांच्यासाठी कुदळीइतकाच रोजचा होता. मूर्ती जिथे सापडली तिथे, जशी सापडली तशी, तिचा फोटो. मग गाव, जागा, तारीख, वर्णन. चित्राला नाव-गाव नसेल तर ते निरुपयोगी, ही त्यांची शिस्त होती. सुंदर दिसावं म्हणून हे फोटो घेतलेले नाहीत, आणि म्हणूनच शंभर वर्षांनी ते इतक्या उपयोगाचे आहेत. एखादी मूर्ती चोरीला जाते तेव्हा तिचा मूळ ठावठिकाणा सिद्ध करायला असलेच फोटो कामी येतात.

गुजरी महालातलं संग्रहालय १९२२ चं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, किल्ल्याच्या उत्तरेला हजिऱ्याच्या बाजूला जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. घनश्यामदास बिर्लांनी ती काढली, माधवराव शिंद्यांच्या प्रोत्साहनाने. शहर तिला जेसी मिल म्हणतं. म्हणजे एकाच किल्ल्याच्या सावलीत, वर्षभराच्या अंतराने, दोन संस्था जन्मल्या: एक जुनं ग्वाल्हेर गोळा करून त्यावर नाव-तारीख लिहिणारी, दुसरी नवं ग्वाल्हेर घडवणारी. पहिलीचा कॅमेरा दुसरीकडे वळावा अशी अपेक्षा तेव्हा कुणी केली नसती. गिरणी ही काही पुराणवस्तू नव्हती.

आज ती झाली आहे. भोंग्यावर उठणारी, पाळ्यांवर जगणारी वस्ती गिरणीभोवती वाढली, बिर्लानगर झालं, त्या नावाचं रेल्वे स्टेशन झालं. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ग्वाल्हेर रेयॉन कंपनी नोंदली गेली, जी पुढे ग्रासिम या नावाने देशभर पसरली. ग्वाल्हेर सूटिंगचं कापड घराघरांत गेलं. त्याच्या जाहिरातींत मन्सूर अली खान पतौडी आणि शर्मिला टागोर झळकत. ज्यांनी कधी ग्वाल्हेर पाहिलं नाही अशा लाखो माणसांनी मासिकांच्या पानांवर हे नाव वाचलं. त्या कापडाचे फोटो किती निघाले असतील याची गणती नाही. ते विणणाऱ्यांचे? जेसी मिल १९९२ मध्ये बंद पडली. थकलेल्या पगारांचे दावे पुढे वर्षानुवर्षं चालले. गिरणीच्या ओस जागेवर झाडोरा माजला.

इथे मराठी वाचकाने थोडं स्वतःकडेही पाहायला हरकत नाही. मराठी मनात ग्वाल्हेर कुठलं आहे? महादजी शिंद्यांच्या वारसांचं, राजकवी भा. रा. तांब्यांचं, कृष्णराव शंकर पंडितांच्या ग्वाल्हेर घराण्याचं, भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये निघालेल्या माधव संगीत विद्यालयाचं. जनकगंजातल्या वाड्यांचं, शिंदेशाही पगडीचं, गणेशोत्सवाचं. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. लष्करातल्या मराठी घरांमध्ये भिंतीवर जे फोटो असतात त्यांत हेच ग्वाल्हेर दिसतं: पगडी घातलेले आजोबा, हात गुडघ्यावर, शेजारी नक्षीच्या तिपाईवर पुस्तक. पण हजिऱ्याचं ग्वाल्हेर, गिरणीच्या भोंग्याचं ग्वाल्हेर त्या भिंतीवर चढलं नाही. आपल्या आठवणींचा कॅमेराही बोर्नच्याच जागी उभा राहिला आणि त्याच दिशेने पाहत राहिला. हे लिहिणं थोडं अवघड आहे, पण टाळण्यासारखं नाही.

मग बदलत्या ग्वाल्हेरचे फोटो कुठे शोधायचे? दोन जागा आहेत.

पहिली जागा जुन्या काचांच्याच काठावर. ओल्या काचेचा एक गुण असा की तिच्यातले तपशील फार सूक्ष्म असतात. त्या काळी काच कागदावर ठेवून उन्हात छापत, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो, आणि मोठ्या काचेत सामावलेला तपशील आजच्या संगणकावर कितीतरी पट मोठा करून पाहता येतो. दीनदयाळांच्या स्टुडिओतल्या अडीच हजारांहून अधिक काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मध्य भारताचे संच आहेत. अशा चित्रांतली इमारत क्षणभर बाजूला ठेवून खालचा डावा-उजवा कोपरा पाहावा. किल्ल्यावरून घेतलेल्या चित्रात तटाच्या पलीकडे, खाली, धूसर पट्ट्यात शहर असतं: छपरं, वाटा, झाडी. छायाचित्रकाराला ते नको होतं, पण भिंगाने ते घेतलं. एकाच जागेवरून वेगवेगळ्या दशकांत घेतलेली चित्रं शेजारी ठेवली की खालच्या पट्ट्यातला बदल वाचता येतो. घरं कुठे दाटली, मोकळं रान कुठे संपलं, ते कळतं. हे काम चिकाटीचं आहे, आणि ग्वाल्हेरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते करावं असं मनापासून वाटतं.

दुसरी जागा घरांत आहे. गिरणगावात सगळीकडे आढळतात तसे फोटो: खात्यातल्या माणसांचा निरोपसमारंभाचा सामुदायिक फोटो, विश्वकर्मापूजेचा फोटो, संपाच्या सभेचा, ओळखपत्रावरचा चिकटवलेला छोटा चेहरा. आणि मेळ्यातला फोटो. उत्तरेकडच्या जत्रांमध्ये रंगवलेल्या पडद्यापुढे, पुठ्ठ्याच्या मोटारीत किंवा चंद्रकोरीवर बसून फोटो काढून घेण्याची रीत कितीतरी पिढ्या चालली. गिरणीतला माणूस कॅमेऱ्यापुढे स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या पैशाने, हवा तसा बसला तो अशा ठिकाणी. फूटपट्टी म्हणून बसलेल्या त्या माणसानंतर ही फार मोठी मजल आहे. इतिहासकाराला पुठ्ठ्याची मोटार हास्यास्पद वाटू नये. त्या माणसाला काय व्हावंसं वाटत होतं, ते तिच्यात नोंदलेलं आहे.

मुंबईच्या गिरणगावाबाबत हे काम काही प्रमाणात झालं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास गोळा केला आणि २००४ मध्ये त्याचं पुस्तक झालं. ग्वाल्हेरच्या जेसी मिलसाठी असं काम व्हायला हवं, आणि त्यात फोटोंना मध्यवर्ती जागा हवी. दोन फुटी रुळांची छोटी लाईनही त्यात यावी. श्योपूरची गाडी २०२० मध्ये थांबली. रुंद रूळ टाकण्यासाठी जुने रूळ उखडले जाऊ लागले. तिच्या शेवटच्या काळात हातोहाती मोबाइल होते, त्यामुळे तिचे फोटो आणि चित्रफिती उदंड आहेत. अडचण अशी की बहुतेकांवर जागा नाही, तारीख नाही, माणसांची नावं नाहीत. बोर्नच्या काचेत माणूस हलल्यामुळे पुसला गेला, मोबाइलमधला स्पष्ट आहे आणि तरी अनामिक आहे. गर्द्यांच्या खात्यातल्या कारकुनाने असा फोटो परत पाठवला असता.

म्हणून सुरुवात फोटोच्या मागच्या बाजूपासून करावी लागेल. बिर्लानगरच्या एखाद्या घरात तसा सामुदायिक फोटो निघाला, तर तो स्कॅन करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसायचं आणि रांगेनुसार विचारायचं: डावीकडून पहिला कोण, कुठल्या गावाहून आला, कुठल्या खात्यात होता, कुठल्या पाळीत. साल आठवत नसेल तर कुणाचं लग्न त्या वर्षी झालं, ते विचारायचं. उत्तर मऊ पेन्सिलीने मागे लिहायचं, कारण शाई झिरपते. जेसी मिल बंद झाली त्या वर्षी पंचविशीत असलेला कामगार आता साठीला टेकला आहे. त्याला ज्यांनी काम शिकवलं, ते ऐंशी-नव्वदीत आहेत, आणि मागच्या रांगेतले चेहरे ओळखू शकणारी माणसं तीच आहेत.